पब्लिकचा ड्रायव्हर

आधी माफी मागतो. आत्मकथन लिहावं असं मी काही केलेलं नाही. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला, एवढंच माझ्या नावावर, आणि तेही माझ्यापेक्षा घरच्यांच्या नावावर जास्त. वडील पगाराच्या कागदावर सही करत, ती करताना जीभ दातांत धरत. आई अंगठा लावत असे. लिहिणं म्हणजे साहेबांचं काम, अशी आमची समजूत होती, आणि खरं सांगायचं तर ती माझ्या मनातून अजून पूर्ण गेलेली नाही. आज शाळेत मुलांना निबंध लिहायला सांगतो, तेव्हाही वाटतं की आपण दुसऱ्याच्या खुर्चीत बसलो आहोत. तरी हे एक प्रकरण लिहितो, कारण यातली माणसं स्वतः काही लिहिणार नाहीत. माझ्याशिवाय ते लिहिणारं आता कोणी उरलेलंही नाही.

सिल्वासाजवळ मसाटला खोल्यांच्या एका लाइनीत आमच्या दोन खोल्या होत्या. आम्ही मूळचे शिरपूरकडचे. वडील सुताच्या प्लँटमध्ये मशीनवर होते. काका वारल्यावर काकू आणि त्यांचा मुलगा कैलास आमच्याकडेच राहायला आले, त्यामुळे दोन खोल्यांत सहा माणसं झाली: आईवडील, मी, धाकटी बहीण, काकू आणि कैलासदादा. रात्रंदिवस प्लँटची घरघर चालू असे. ती इतकी सवयीची होती की कधी वीज गेली तर झोपलेली माणसं उठून बसत. वडील घरी आले की त्यांच्या भुवयांवर सुताची बारीक पांढरी लव असायची आणि बहीण ती फुंकरीने उडवायची. स्वयंपाक काकूंकडे होता. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी, आणि सुट्टीच्या दिवशी वरण-बट्टी. वांगी भाजताना त्या दार लावून घेत, नाहीतर शेजारचे उत्तर प्रदेशी भाऊ वासाने डोकावत आणि मग त्यांनाही वाटी द्यावी लागे. द्यायच्याच त्या. तरी दार लावत.

कैलासदादा प्लास्टिकच्या कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायचा. मला तो प्रोफेसर म्हणायचा. मी पहिल्या वर्षाला बी.ए.ला होतो, राज्यशास्त्र घेतलं होतं, आणि त्याला त्या विषयाचं नाव फार आवडे. "प्रोफेसर, आज राज्य कोणाचं आलं?" असं तो रोज विचारी, आणि उत्तराची वाट न बघता आंघोळीला जाई. दिसायला साधा, उंचीला बेताचा. त्याच्यात काही विशेष आहे असं घरात कोणालाही वाटत नव्हतं. ते वाटायला लागलं रविवारी, किलवणीच्या बाजूला, शेठच्या मैदानावर.

शेठचा भंगाराचा धंदा होता. गोडाऊनच्या मागे त्याची मोठी मोकळी जागा पडून होती. कुठेतरी टीव्हीवर त्याने अमेरिकेतल्या शर्यती पाहिल्या. साध्या रस्त्यावरच्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या गाड्या एका लंबगोल रस्त्यावर गोल गोल पळतात आणि लाखभर माणसं बसून बघतात. त्याच्याकडे भंगारात आलेल्या छोट्या मोटारी होत्याच. सीट काढल्या, काचा काढल्या, पुढे जाळी लावली, आत लोखंडी पाइप वेल्डिंग केला, दरवाजे कायमचे बंद केले. ड्रायव्हर खिडकीतून आत शिरायचा. लाल मातीचा गोल रस्ता, कडेला जुने टायर. पाच गाड्या, पाच नंबर. कैलासदादाची सात नंबरची. एक ते पाच का नाहीत, असं मी शेठला विचारलं होतं. तो म्हणाला, एक नंबर आधीच देऊन टाकला तर शर्यत कशाला लावायची.

दोन बक्षिसं होती. पहिला येईल त्याला एक, आणि लोक निवडतील त्याला दुसरं. हे दुसरंही शेठने टीव्हीवरूनच उचललं होतं. तिकडे म्हणे लोक घरी बसून आपल्या लाडक्या ड्रायव्हरला मत देतात. आमच्याकडे मत म्हणजे बॉबिन. सूत गुंडाळायची पुठ्ठ्याची नळी. प्लँटच्या कचऱ्यात त्या ढिगाने पडत, आणि आमच्या भागातल्या कुठल्याही घरात चूल पेटवायला, कपडे वाळत घालायच्या दोरीला, पोरांच्या खेळात त्याच असायच्या. फाटकावर प्रत्येकाने एक बॉबिन घेऊन यायची. शर्यत संपली की पाच ड्रम ओळीने लावत, ड्रायव्हर आपापल्या गाडीच्या टपावर उभे राहत, आणि माणसं रांगेने येऊन आपल्या माणसाच्या ड्रममध्ये बॉबिन टाकत. ढप्, ढप्, असा पोकळ आवाज होई. शेठ मोजत नसे. चुन्याच्या खुणा केलेली एक काठी तो ड्रममध्ये उभी धरी आणि ज्याची खूण वर, त्याचं नाव पुकारी. नाव म्हणजे नंबर. त्याला म्हणायचे पब्लिकचा ड्रायव्हर.

एक गोष्ट इथे सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ड्रायव्हर हेल्मेट काढत नसत. सगळे कुठल्या ना कुठल्या कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होते, आणि असा जिवावरचा खेळ करतो हे ठेकेदाराला कळलं तर दुसऱ्या दिवशी गेटवर नाव कापलं जाई. म्हणून ते मैदानाच्या टोकाला असलेल्या पत्र्याच्या कंटेनरमधून हेल्मेट घालूनच निघत आणि हेल्मेट घालूनच परत जात. कुठल्या गाडीत कोण हे नेहमीच्या माणसांना कानोकानी ठाऊक असे, पण चेहरा दाखवून पुरावा द्यायचा नाही. बघणारेही तसेच. लाल धूळ इतकी उडायची की सगळ्यांनी तोंडाला रुमाल बांधलेले. डोळे तेवढे दिसायचे. दीड-दोनशे माणसं, पाच ड्रायव्हर, आणि भर उजेडात त्या मैदानावर चेहरा कोणालाच नसायचा. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आज शाळेच्या मैदानावर खेळाच्या दिवशी मुलं ओरडतात, तेव्हा मी एकेका मुलाचं तोंड नीट बघून घेतो.

दादा शर्यत कधी जिंकला नाही. तिसरा, चौथा. जिंकायचा चार नंबरचा बाबूलाल, अक्षरशः दर आठवड्याला. पण पब्लिकचा ड्रायव्हर दर वेळी सात नंबर. दादाची एक लकब होती. समोरून जाताना तो कोपर खिडकीबाहेर काढून टपावर दोनदा थाप मारायचा, आणि कडेची सगळी माणसं हातातली बॉबिन दोनदा दुसऱ्या हातावर मारायची. तेवढंच. बाबूलाल आमच्या लाइनीत चहा प्यायला यायचा आणि कुरकुरायचा, "मेहनत मी करायची आन टाळ्या ह्याला. ह्या बक्षिसाला काय अर्थ आहे, सांग ना, प्रोफेसर." मी हेच आमच्या सरांना कॉलेजात विचारलं. सर रत्नागिरीकडचे, फार शांत बोलायचे. ते म्हणाले, मत देणाऱ्याला आपण कोणाला मत देतोय हे ठाऊक असेल तर अर्थ आहे. मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि घरी येऊन बाबूलालला वाचून दाखवलं. दादा भाकरी मोडत होता. तो म्हणाला, "बाबूभाई, तुला गाडी ओळखते. मला माणसं ओळखतात." सगळे हसले, बाबूलालसुद्धा.

मग दादाचं मनगट दुखावलं, ठेकेदाराने विचारलं, कोणीतरी सांगितलं, आणि नाव कापलं गेलं. घरात त्याने हे कोणाला सांगितलं नाही. मला नळाजवळ गाठलं. सेंधव्याकडच्या एका ट्रकमालकाकडे काम मिळतंय, राजस्थानच्या फेऱ्या आहेत, दोन-तीन महिन्यांत परत येतो, म्हणाला. "आईला सांग, नरोलीच्या कंपनीत लागलो, तिथंच राहायची सोय आहे. ट्रकचं नाव काढू नको. बापाचं तिला अजून स्वप्नात येतं." काका ट्रकवरच गेले होते. मी हो म्हणालो. मंगळवारी सकाळी तो पिशवी घेऊन गेला. दोनदा त्याचा फोन आला, मागे हॉर्न ऐकू येत होते. नंतर फोन बंद लागायला लागला. कंपनीत फोन आत नेऊ देत नाहीत, असं मी काकूंना सांगितलं. खोटं बोलणं मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं.

दादा निघून गेल्यावरच्या पहिल्या रविवारी मी मैदानावर का गेलो ते मला नीट सांगता येत नाही. सवय म्हणा. कंटेनरमधून पाच हेल्मेटं बाहेर आली. पाचवा माणूस सात नंबरच्या खिडकीतून आत शिरला. मला वाटलं, शेठने दुसरा कोणी धरला असेल, आता लोक विचारतील. कोणी विचारलं नाही. गाड्या सुटल्या, धूळ उठली, आणि दुसऱ्या फेरीला सात नंबर समोरून जाताना कोपर बाहेर आलं आणि टपावर दोनदा थाप पडली. एक क्षण वाटलं की दादा परत आला आणि आम्हाला न सांगता इथे आला. पण ते कोपर दादाचं नव्हतं, बारीक होतं. मी सोडून ते कोणी पाहिलं नाही. दोनशे बॉबिना एकदम दोनदा वाजल्या. माझ्या शेजारचा माणूस, ज्याला मी दर रविवारी भेटायचो, रुमालाआडून म्हणाला, "आज तुझा भाऊ रंगात आहे." सात नंबर त्या दिवशी शेवटचा आला. ड्रममधली काठी पूर्वी कधी नव्हती तेवढ्या वरच्या खुणेला लागली.

पुढच्या आठवड्यांत हे वाढत गेलं. लोक मला रस्त्यात थांबवून दादाचं सांगू लागले. एक म्हणाला, बुधवारी नरोलीच्या नाक्यावर तो भेटला, चहा पाजला. दुसरा म्हणाला, वासोण्याच्या सफारीत सिंह बघायला गेलो तेव्हा तिकिटाच्या रांगेत तो पुढे उभा होता, हाक मारली तर हात केला. हे लोक खोटं बोलणारे नव्हते. सांगताना त्यांचे डोळे खरे असायचे. तो सगळ्यांना भेटत होता, फक्त घरी येत नव्हता आणि त्याचा फोन बंद होता. रात्री मशीनच्या घरघरीत पडल्या पडल्या मला वाटायचं की मीच चुकतोय, मलाच तो ओळखू येईनासा झालाय.

शेवटी मी कंटेनरपाशी गेलो. शेठ बाहेर खाटेवर बसला होता. मी विचारलं, सात नंबरमध्ये कोण आहे. तो गुजरातीत म्हणाला, "भाई, पब्लिकने सात नंबर जोइए छे." लोकांना सात नंबर हवा आहे. एवढंच, जणू मी चहाचा भाव विचारला होता. तेवढ्यात आतून तो माणूस दारात आला. हेल्मेटची काच वर होती. आत पांढऱ्या भुवया होत्या. साठीचा तरी असेल. तो मला म्हणाला, "पहिल्या दिवशी मलाही वाटलं होतं, लोक दगड मारतील." मग काच खाली करून घेतली. त्याचं नाव मला कधीच कळलं नाही.

त्याच सुमारास काकूंनी जेवण सोडलं. एकदम नाही. आधी भाकरी अर्धी झाली, मग नुसतं पाणी आणि गूळ. स्वयंपाक सगळा करायच्या, वाढायच्या, आणि आपलं ताट झाकून ठेवायच्या. आई रागावली, वडिलांनी डॉक्टरकडे नेलं, डॉक्टरने ताकदीच्या गोळ्या दिल्या. मला मात्र ठाऊक होतं. मुलगा दिसत नाही म्हणून त्या खंगत होत्या, आणि तो कुठे आहे हे मलाही माहीत नव्हतं. माझी परीक्षा तोंडावर आली होती. पुस्तक उघडलं की त्यांचं झाकलेलं ताट दिसायचं. हात बारीक झाले होते, बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. मला खरंच वाटायला लागलं की ही बाई माझ्या खोटेपणामुळे मरणार.

मग मी आणखी मोठं खोटं बोललो. म्हणालो, काकू, दादा अजूनही रविवारी किलवणीला गाडी चालवतो. ठेकेदाराच्या भीतीने घरी येत नाही, कोणाशी बोलतही नाही, पण लांबून दिसतो. येता का? त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला. बराच वेळ त्या माझ्याकडे बघत राहिल्या. एवढा वेळ की मला वाटलं, आता विचारणार. मग म्हणाल्या, "चाल."

रविवारी दुपारी आम्ही दोघं गेलो. सोमवारी माझा पहिला पेपर होता. काकूंनी धुतलेलं लुगडं नेसलं होतं आणि पदराने तोंड झाकलं होतं, धुळीसाठी. किलवणीच्या बाया फाटकाशी उकडलेल्या शेंगा विकत होत्या, त्यांतल्या एकीने काकूंना बसायला पोतं दिलं. गाड्या सुटल्या. मी सात नंबर दाखवला. त्यांची नजर त्या गाडीबरोबर गोल गोल फिरत राहिली. समोरून जाताना टपावर थाप पडली, माणसांनी बॉबिना वाजवल्या, आणि कोणीतरी मागून ओरडलं, "कैलास, जीते रहो." त्या शब्दावर काकूंचे खांदे किंचित हलले. मी त्यांचा हात धरला. हात गार होता, एवढ्या उन्हात.

शर्यत संपली. ड्रम लावले. पाच हेल्मेटं टपांवर उभी राहिली. काकू रांगेत गेल्या आणि मी त्यांच्यामागे. सगळे सरकत होते, कोणी बोलत नव्हतं, नुसता तो पोकळ आवाज, ढप्, ढप्, आणि लाल धूळ हळूहळू खाली बसत होती. सात नंबरपाशी त्या थांबल्या. मान वर करून त्या माणसाकडे पाहिलं. तोही वाकून बघत होता. काळ्या काचेत मला पदराने झाकलेलं काकूंचं तोंड दिसलं, लहानसं. मागचे लोक थांबले. काकूंनी मला आमच्या अहिराणीत विचारलं, "हाऊच शे ना रे आपला कैलास?"

मी म्हणालो, "हो."

त्यांनी पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे नाही. मग बॉबिन ड्रममध्ये सोडली, टाकली नाही, हात आत नेऊन सोडली, त्यामुळे तिचा आवाज आला नाही. वर उभ्या असलेल्या माणसाने दोन्ही हात जोडले. लोकांना ते फार आवडलं. काठी त्या दिवशी ड्रमच्या काठाला लागली.

घरी येऊन काकू जेवल्या. दीड भाकरी. मी समोर पुस्तक घेऊन बसलो होतो आणि चोरून घास मोजत होतो. दुसऱ्या दिवशी पेपर चांगला गेला. "लोकमताचं महत्त्व" असा एक प्रश्न होता, त्यावर मी चार पानं लिहिली, आणि सरांचं ते वाक्य वापरायचा मला धीर झाला नाही. पुढे पावसापर्यंत दर रविवारी काकू डबा द्यायच्या, भरीत-भाकरी, आणि मी तो कंटेनरमध्ये पोचवायचो. रिकामा डबा घासून परत यायचा. पाऊस लागला, मैदानाचा चिखल झाला, आणि पावसानंतर शेठने तिथे गोदाम बांधलं. वडिलांना मी सांगितलं की दादा राजस्थानात ट्रकवर गेला. ते एकदा सेंधव्यापर्यंत जाऊन आले, मालक सापडला नाही. काकू आपल्या भावाकडे, शिरपूरला, राहायला गेल्या. मी पास होत गेलो. दर निकालाला त्यांना फोन करायचो. त्या म्हणायच्या, कैलासले आनंद होई. दादाबद्दल त्यांनी मला पुन्हा कधीच काही विचारलं नाही. मला वाटायचं, एका रविवारने त्यांना आयुष्यभर पुरेल एवढा धीर दिला. या विचाराने मी किती वर्षं सुखाने झोपलो, ते आठवलं की आता झोप लागत नाही.

काकू गेल्या त्याला तीन वर्षं झाली. दहाव्याला आम्ही शिरपूरला गेलो. विधी झाल्यावर कैलासदादाचे मामा आणि मी ओट्यावर बसलो होतो. मामा आता खूप थकले आहेत. मी म्हणालो, मामा, एक पाप माझ्या डोक्यावर आहे, आणि सगळं सांगितलं. नरोलीची कंपनी, मैदान, हेल्मेट, ते "हो". मामा म्हणाले, "ताईने तुला शेवटपर्यंत सांगितलं नाही का?"

कैलासदादाचा ट्रक चितोडच्या पुढे उलटला होता. खिशात मामांचा नंबर मिळाला. मामा जाऊन सगळं करून आले, आणि तिथून सरळ मसाटला आले, एका दुपारी, वडील शिफ्टला होते, आई आणि बहीण बाजारात, आणि मी कॉलेजात. काकू घरी एकट्या होत्या. हे मी काकूंना मैदानावर नेण्याच्या पंधरा दिवस आधी. मामा म्हणाले, मी रात्री थांबतो, भाऊजी आले की त्यांना सांगतो. काकूंनी त्यांना थांबू दिलं नाही. हातात भाकरी बांधून दिली आणि परत धाडलं. परीक्षा झाल्यावर मामांनी पुन्हा फोन केला, आता तरी सांगू का म्हणून. तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, पोराने माझ्यासाठी एवढं केलं, ते मी आता कसं मोडू.

मी विचारलं, पण आधी, त्या दुपारी, त्यांनी काय सांगितलं तुम्हाला?

मामांनी डोळे पुसले नाहीत. ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "ताई बोलनी, पोऱ्याना पेपर शे. घरमा पहिलाच शिकी राहिना. त्याले काही सांगू नको."